नॉब किती क्लिक फिरवायचा? ॲडजस्टेबल शॉकअप तपासायची आणि लावायची रीत

शॉकअप या नावानेच पहिला घोटाळा होतो. रस्त्याचा धक्का खाते ती स्प्रिंग. गाडीचं वजन पेलते तीही स्प्रिंगच. दाबली गेलेली स्प्रिंग सुटताना गाडीला पाळण्यासारखी झुलवत ठेवते. ते झुलणं मोडायचं काम शॉकअपचं. आत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक वाटा. दांडा आत-बाहेर झाला की तेल त्या वाटांतून रेटलं जातं आणि हालचालीतली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. पसरणी घाट उतरून वाईत आल्यावर शॉकअपच्या नळकांड्याला हात लावला तर ते गरम लागतं, ते यामुळेच.

उभ्या गाडीत शॉकअप, आतल्या वायूचा थोडा रेटा सोडला तर, काहीच करत नाही. दांडा हलला तरच तो विरोध करतो, आणि जितक्या वेगाने हलेल तितका जास्त करतो. त्यामुळे ‘हा शॉकअप किती कडक?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नसतं. कुठल्या वेगाला किती विरोध, असं विचारावं लागतं. आणि वेग म्हणजे दांड्याचा, स्पीडोमीटरवरचा नाही. गाडी ताशी शंभरने गुळगुळीत रस्त्यावर चालली असेल तर दांडा जवळजवळ स्थिर असतो. ताशी पंचविसाने तुटक्या कडेवर चढली तर तोच दांडा झपाट्याने आत शिरतो.

सांगलीची लाट आणि साताऱ्याचा खड्डा

आपल्या दोन जिल्ह्यांत या दोन्ही वेगांची उदाहरणं रोज पायाखाली आहेत.

सांगली, मिरज, तासगाव या कृष्णाकाठच्या पट्ट्यात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता खड्डा नसतानाही लाटांसारखा होत जातो आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचं वजन त्या लाटा आणखी खोल करतं. समजा अशी एक लाट १२ मीटर लांब आहे आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे. सेकंदाला साधारण १.४ हेलकावे बसतील. शॉकअप मध्यापासून दोन्हीकडे १० मिलिमीटर हलत असेल तर दांड्याचा सर्वांत जास्त वेग सेकंदाला ९० मिलिमीटरच्या आसपास भरतो. वळणात गाडीचं अंग कलतं तेव्हा अर्ध्या सेकंदात २५ मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला सरासरी ५० मिलिमीटर. ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं, गॅस दिल्यावर बूड बसणं, हेही याच टापूत येतं.

आता साताऱ्याच्या पश्चिमेला या. यवतेश्वर-कास, मेढ्यावरून केळघर घाट, पाटण-कोयना. धो-धो पावसाने डांबर उखडतं आणि खड्ड्याची कड सुरीसारखी राहते. फक्त २५ मिलिमीटर उंचीच्या कडेवर ताशी ४० किलोमीटरने चाक चढलं, आणि टायरच्या गोलाईमुळे ती चढण पाव मीटरभर पसरली असं धरलं, तरी चाकाला वर जायला अवघे २२-२३ मिलिसेकंद मिळतात. दांड्याचा वेग सेकंदाला १,१०० मिलिमीटर. लाटेवरच्या वेगाच्या बारापट.

साधारण १०० मिलिमीटर प्रति सेकंदाखालच्या भागाला लो-स्पीड म्हणतात, २०० च्या वरच्या भागाला हाय-स्पीड. मधला पट्टा सांध्याचा. चांगल्या शॉकअपमध्ये हे दोन भाग वेगळ्या वाटांनी चालतात. लो-स्पीडला तेल एका बारीक छिद्रातून जातं. त्या छिद्रात सुईसारखी टोकदार खीळ असते आणि बाहेरचा नॉब ती खीळ आत-बाहेर करतो. वेग वाढला की ते छिद्र अपुरं पडतं, पिस्टनवरचा दाब चढतो आणि पिस्टनच्या तोंडावर बसवलेल्या पोलादी चकत्या वाकून तेलाला मोठी वाट देतात. या चकत्यांना शिम म्हणतात. एकेक चकती ०.१ ते ०.३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे दाढीच्या पात्याच्या जवळपास. मोठी, तिच्यावर लहान, तिच्यावर आणखी लहान, अशी उतरंड असते. या उतरंडीत ०.१५ च्या जागी ०.२० ची एक चकती घातली तरी गाडीचा स्वभाव बदलतो. कारण पातळ पत्रा वाकायला किती जोर लागतो हे जाडीच्या घनावर ठरतं: जाडी एक-तृतीयांशाने वाढली तर ती चकती जवळपास २.४ पट ताठ होते.

म्हणून बाजारात मिळणाऱ्या बहुतेक एक-नॉबी शॉकअपवर तुम्ही क्लिक फिरवता तेव्हा मुख्यतः लो-स्पीड बदलतं. खड्ड्यावरचा दणका नॉबने फारसा कमी होत नाही, कारण तो शिमच्या ताब्यात आहे. ‘पूर्ण सॉफ्ट केलं तरी खड्डा लागतोच’ ही तक्रार इथून येते.

नॉब नेमका काय बदलतो

शॉकअप दबतो ते कॉम्प्रेशन, ताणला जातो ते रिबाउंड. एक-नॉबी शॉकअपमध्ये नॉब बहुधा रिबाउंड बदलतो आणि सोबत थोडं कॉम्प्रेशनही ओढून नेतो. दोन-नॉबीत दोन्ही वेगळे असतात. तीन-नॉबीत कॉम्प्रेशनचे लो आणि हाय असे दोन भाग, चार-नॉबीत रिबाउंडचेही. घाटात आणि अधूनमधून ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीला दोन नॉब पुरतात. तीन-चार नॉब घेऊन डायनो (शॉकअपचा जोर मोजणारं यंत्र) आणि डेटा लॉगर (गाडीच्या हालचाली नोंदवणारं यंत्र) नसेल तर चुकायच्या जागा तेवढ्या वाढतात, एवढंच.

क्लिक नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून मोजायचे. नॉब कडकच्या दिशेने हलक्या हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि तिथून मागे मोजत या: एक, दोन, तीन. टेकल्यावर जोर लावला तर खिळीचं टोक बैठकीत रुतून बैठक खराब होते आणि मग तो नॉब कधीच नीट बंद होत नाही. उघड्या बाजूने मोजू नका. त्या टोकाला ढिलाई असते, एखादा क्लिक जास्त-कमी भरतो. कडकची दिशा सहसा घड्याळाच्या काट्यांची असते, पण काही कंपन्यांत उलट असते. पुस्तिका पाहा.

क्लिकचे टप्पे सारखे नसतात. खीळ बंद होण्याच्या जवळ असताना एकेक क्लिक मोठा फरक पाडतो. उघडत गेल्यावर फरक विरत जातो. वीस क्लिकच्या शॉकअपमध्ये बंदपासून पहिल्या पाचांत जेवढा बदल होतो तेवढा दहा ते वीस या पट्ट्यात मिळूनही होत नाही, असं वारंवार दिसतं.

नॉबला हात लावण्याआधी

शॉकअपच्या नावावर खपणारे निम्मे दोष दुसरीकडचे असतात. लोअर आर्मचे (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, फाटलेले, बॉल जॉइंट ढिला, लिंक रॉड खडखडतोय, टॉप माउंटचं (शॉकअपच्या वरच्या बैठकीचं) रबर बसलेलं. यातलं एकही असेल तर ट्युनिंगला अर्थ नाही. चाक जमिनीवरून उचलून वर-खाली आणि आडवं हलवून पाहा. पट्टीने बुशवर हलका रेटा देऊन रबराची भेग पाहा.

मग टायरची हवा. सगळी चाचणी संपेपर्यंत दर फेरीआधी एकाच गेजने मोजायची. २ पीएसआयचा फरक हाताला एक-दोन क्लिकसारखा लागतो आणि लोक नॉबला दोष देत बसतात. त्यानंतर अलाइनमेंट आणि चारही चाकांवरची उंची: चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत, सपाट फरशीवर, टाकी अर्धी, चालकाच्या जागी चालकाएवढं वजन ठेवून. डावी-उजवी ५ मिलिमीटरच्या आत आणा.

शेवटी दांड्याला एक केबल टाय बांधा. पट्टी अंगठ्याने सरकेल इतकी सैल, आपोआप घसरणार नाही इतकी घट्ट. गाडी फिरवून आणा आणि पाहा ती कुठपर्यंत ढकलली गेली. ती बंप स्टॉपपर्यंत जाऊन टेकली असेल तर तुम्हाला जो ‘कडकपणा’ जाणवतो आहे तो शॉकअपचा नाहीच. गाडी रबराच्या किंवा फोमच्या ठोकळ्यावर बसते आहे. हा दहा रुपयांचा तुकडा इतकं सांगून जातो की तो न बांधता ट्युनिंगला बसूच नये.

गाडी खाली घेणाऱ्यांना हे विशेष लागू. समजा पुढच्या शॉकअपला वर जायला ७० मिलिमीटर जागा होती. गाडी ४० ने उतरवली तर ३० उरली. आपल्याकडच्या बिनरंगाच्या स्पीडब्रेकरवर ती केव्हाच संपते. शिवाय मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉकअपच चाकाचा वरचा आधार असतो अशा) गाडीत लोअर आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं की रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) झपाट्याने खाली जातं आणि गाडी खाली असूनही जास्त कलते. मग तो कल मारायला नॉब आवळला जातो आणि चाकं रस्ता सोडायला लागतात. लोअर आर्म उभ्या गाडीत आडवा किंवा बाहेरच्या टोकाला किंचित खाली असेल एवढीच उंची ठेवा.

किती विरोध हवा, याचा हिशोब

अंदाजाने सुरुवात करण्यापेक्षा दोन ओळींचं गणित बरं. सुमारे ११०० किलोच्या टर्बो हॅचबॅकचं उदाहरण घेऊ. पुढच्या एका चाकावर, चाक-ब्रेक वगैरे वगळून, ३०० किलो वजन. स्पोर्ट स्प्रिंगचा चाकापाशी पडणारा जोर मिलिमीटरला ३० न्यूटन, म्हणजे मीटरला ३०,०००. दोन्हींचा गुणाकार ९० लाख, त्याचं वर्गमूळ ३,०००, त्याची दुप्पट ६,००० (सेकंदाला एक मीटर वेगाला इतके न्यूटन). हा क्रिटिकल आकडा: इतका विरोध असेल तर एकदा दबलेली गाडी न झुलता परत जागेवर येते; याहून जास्त असेल तर सावकाश येते.

आरामाच्या गाड्या याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर चालतात. ताब्याने चालवायच्या गाडीला लो-स्पीडमध्ये ०.६ ते ०.७ हिस्सा लागतो. ०.६५ धरला तर ३,९००. दांड्याच्या ५० मिलिमीटर प्रति सेकंद वेगाला हा विरोध १९५ न्यूटन भरतो. ही झाली रिबाउंड-कॉम्प्रेशनची सरासरी. दोनास एक वाटणी केली तर रिबाउंड २६० आणि कॉम्प्रेशन १३० न्यूटन, म्हणजे ढोबळ २६ आणि १३ किलो. पुढच्या स्ट्रटमध्ये शॉकअप चाकापेक्षा थोडा कमी हलतो, म्हणून हे आकडे दहा टक्के वाढवा. मागे तिरका शॉकअप असेल तर मोजा: स्प्रिंग काढून चाक जॅकने ५० मिलिमीटर उचला, शॉकअप किती मिलिमीटर दबला ते पाहा. त्या आकड्याला ५० ने भागा. तो भागाकार स्वतःनेच गुणा आणि आलेल्या आकड्याने लक्ष्य भागा.

हाय-स्पीडमध्ये हाच हिस्सा ०.२५ च्या आसपास उतरायला हवा, नाहीतर प्रत्येक खड्डा थेट बॉडीत शिरतो. स्प्रिंग दीडपट कडक घातली तर विरोध दीडपट लागत नाही. वर्गमुळाच्या हिशोबाने २२ टक्के वाढ पुरते. कडक स्प्रिंगला कडक शॉकअप हवाच, पण लोक समजतात तेवढा नाही.

डायनोवर काय पाहायचं

शॉक डायनो म्हणजे शॉकअप उभा धरून ठरावीक फेऱ्यांनी वर-खाली करणारं आणि जोर मोजणारं यंत्र. ५० मिलिमीटर स्ट्रोकवर मिनिटाला २० फेऱ्या दिल्या की सर्वोच्च वेग सेकंदाला ५२ मिलिमीटर येतो, १०० फेऱ्यांना २६२. तपासायला देताना ‘चेक करून द्या’ एवढं सांगू नका. मागा ते असं: आधी थंड अवस्थेत वायूचा रेटा, मग शॉकअप ४० ते ४५ अंशांपर्यंत गरम करून बंद, ५, १०, १५ आणि पूर्ण उघडा अशा पाच ठिकाणी वेगानुसार जोराचा आलेख, चारही शॉकअपचा. गरम न करता काढलेला आलेख फसवतो. थंड तेल घट्ट असतं, जोर जास्त दाखवतो आणि पाच मिनिटांत तोच शॉकअप वेगळा आकडा देतो.

हातात कागद आला की प्रथम डावा-उजवा एकमेकांवर ठेवा. एकाच क्लिकवर फरक ५ टक्क्यांच्या आत हवा. जास्त असेल तर क्लिकचा मान ठेवू नका, जोराचा ठेवा: डावा १० वर आणि उजवा १२ वर सारखा जोर देत असेल तर गाडीत तसंच लावायचं.

दुसरा आलेख जागेनुसार जोराचा. निरोगी शॉकअपचा तो अंड्यासारखा गोल येतो. दिशा बदलते तिथे रेघ थबकून, चपटी होऊन मग एकदम उसळत असेल तर तेलात हवा किंवा फेस आहे. गाडीत हेच स्टिअरिंगच्या पहिल्या इंचभर सुस्तीसारखं जाणवतं. वेग शून्य असतानाच उभी उडी दिसत असेल तर सील किंवा वाकलेला दांडा घासतोय.

डायनो हाताशी नसेल तर मोनोट्यूब (एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू असलेल्या) शॉकअपची एक तपासणी घरच्या वजनकाट्यावर होते. स्प्रिंग काढलेला शॉकअप काट्यावर उभा धरा, त्याचं स्वतःचं वजन लक्षात घ्या, आणि दांडा अगदी सावकाश मध्यापर्यंत दाबून धरा. वाढलेलं वजन म्हणजे वायूचा रेटा. १४ मिलिमीटर जाडीचा दांडा आणि १५ बार नायट्रोजन असेल तर सुमारे २३ किलो यायला हवेत. एक २३ आणि जोडीदार १४ दाखवत असेल तर त्या दुसऱ्यातला वायू गेलेला आहे. स्प्रिंग मात्र कॉम्प्रेसरनेच, दोन्ही बाजूंनी समान आवळून काढा. दोरी, तार, जॅक यांच्या जुगाडाने सुटलेली स्प्रिंग माणूस मारू शकते.

वायूचा दाब महत्त्वाचा का, तर कॉम्प्रेशनमध्ये पिस्टनच्या मागे पोकळी होऊ न देणारा तोच असतो. ४६ मिलिमीटरच्या पिस्टनला १५ बार दाब साधारण २,२०० न्यूटन विरोधापर्यंत साथ देतो; त्यापुढे तेलात बुडबुडे होतात आणि विरोध कोसळतो. दाब निम्मा झाला की ही मर्यादाही निम्म्यावर येते. नायट्रोजन भरायचं काम टायरवाल्याचं नाही. आतली जागा इतकी लहान असते की नुसता गेज लावून काढला तरी दाब घसरतो. त्यासाठी वेगळी सुई आणि रेग्युलेटर लागतो.

रस्त्यावरची रीत

एकच फेरी ठरवा, पंधरा-वीस मिनिटांची, जिच्यात लाट, तुटकी कड, दोन-चार वळणं आणि रंबल स्ट्रिप (रस्त्यावरच्या आडव्या उंच पट्ट्या) हे सगळं येईल. सातारकरांना शहरातून यवतेश्वर चढून थोडं पुढे जाऊन परत येण्यात हे मिळतं. सांगलीकरांना मिरजेकडचा लाटांचा भाग आणि एखादी पट्ट्यांची ओळ. वेळ पहाटेची, वेग कायद्यातला. पसरणी घाटात पर्यटकांच्या बस आणि पाचगणीच्या शाळांची वाहनं असतात, कासच्या रस्त्यावर फुलांच्या दिवसांत माणसं चालत असतात. तिथे टायरची मर्यादा शोधायची नसते. शॉकअपची बरीचशी खोड ताशी ४०-५० लाच दिसते. मर्यादेवरचं काम कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या सर्किटवर न्या.

पहिली दहा मिनिटं शॉकअप आणि टायर गरम व्हायला द्या; त्यातलं काही लिहू नका. मग पहिली फेरी मधल्या सेटिंगवर, वीसपैकी १० वर. दुसरी पूर्ण उघडून. तिसरी बऱ्यापैकी कडक, बंदपासून ३ वर, आणि जपून. दोन टोकं हाताला आणि पाठीला कशी लागतात हे एकदा कळलं की मधले फरक ओळखता येतात. हे न करता १० वरून ११ वर जाऊन फरक शोधणारा माणूस मनाचे खेळ खेळत असतो.

आता खरी जुळवाजुळव. आधी कॉम्प्रेशन. पूर्ण उघड्यापासून दोन-दोन क्लिक कडक करत जा. चाकाचं सैल थडथडणं कमी होत जाईल, स्टिअरिंगला जाग येईल. एका टप्प्यावर लहान कडाही पाठीला टोचायला लागतील. तिथून दोन क्लिक मागे या आणि सोडून द्या.

मग रिबाउंड. उघड्या बाजूला गाडी लाटेनंतर एक-दोनदा डोलते. आवळत जा, तोवर की लाट ओलांडल्यावर ती एकदा वर येऊन जागेवर थांबते. इथे थांबायचं असतं, पण थांबलं जात नाही, कारण आणखी आवळलं की गाडी आणखी ‘चिकटल्यासारखी’ वाटते. हा भास आहे आणि तो ओळखायची जागा म्हणजे रंबल स्ट्रिप. ओळीने सहा-आठ पट्ट्या. प्रत्येक पट्टी शॉकअपला दाबते. रिबाउंड जास्त आवळलेला असेल तर पुढची पट्टी येण्याआधी तो पूर्ण उघडत नाही. पहिल्या पट्टीला ५ मिलिमीटर, दुसरीला आणखी ५, असं करत गाडी पट्ट्यांवर बसत जाते आणि शेवटच्या पट्ट्या पहिल्यापेक्षा जास्त कडक लागतात. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पट्ट्यांचा आवाज वेगळा काढून ऐका. शेवटचा आवाज जड आणि ठोकल्यासारखा असेल तर रिबाउंड दोन क्लिक सैल करा. खड्ड्यांच्या रस्त्यावर हीच गाडी वळणात बाहेर उड्या मारते, कारण चाक खड्ड्यात उतरायला वेळेत खाली येतच नाही.

एका वेळी एकच बदल, एकाच ॲक्सलवर, दोन्ही बाजूंना सारखा. आणि दर तीन-चार बदलांनंतर सुरुवातीच्या सेटिंगवर परत जाऊन एक फेरी. ती आता आधीसारखी लागली नाही तर तुमच्या मधल्या नोंदींत तापमान, टायर किंवा रस्ता बदलल्याचं मिसळलं आहे. त्या नोंदी रद्द. वहीतली ओळ अशी दिसावी: ‘सकाळी ६:२०, हवा २१ अंश, टायर गरम ३४/३२, पुढे कॉ १२ रि ८, मागे कॉ १४ रि १०, डावं वळण तिसरं: नाक उशिरा वळलं, पट्ट्या ठीक.’ ‘छान वाटली’ ही नोंद नव्हे.

मोबाइलमधला ॲक्सेलरोमीटर डॅशबोर्डला घट्ट बसवून रेकॉर्ड केलं तर लाटेनंतर किती डोलणं उरतं हे आलेखावर मोजता येतं. स्पर्धेच्या गाड्यांत शॉकअपला पोटेन्शिओमीटर (दांडा किती सरकला ते मोजणारा सेन्सर) लावून दांड्याच्या वेगाचा स्तंभालेख काढतात. रस्त्याच्या गाडीला तेवढं लागत नाही.

वळणात नेमकं कुठे बिघडतं

शॉकअप फक्त हालचाल चालू असताना बोलतो. वळणात गाडी एकदा कलून स्थिर झाली की पकड किती हे स्प्रिंग, अँटीरोल बार (गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा), टायर आणि अलाइनमेंट ठरवतात. म्हणून लांब वळणाच्या मधोमध गाडी सतत बाहेर ओढत असेल तर नॉबला हात लावू नका. तक्रार वळणात शिरताना किंवा बाहेर पडताना असेल तरच नॉबचा विषय.

शिरताना नाक वळायला नाखूश असेल तर बहुधा पुढचं कॉम्प्रेशन जास्त आवळलेलं असतं. पुढच्या बाहेरच्या टायरवर भार एकदम येऊन आदळतो आणि टायर घसरतो. दोन क्लिक सैल करा. ब्रेक मारत उतारावरच्या वळणात शिरताना मागचं बूड हलकं होऊन बाजूला सरकत असेल तर मागचा रिबाउंड पाहा: तो जास्त असेल तर मागची चाकं रस्त्यावरून उचलून धरली जातात. घाट उतरताना ही खोड सर्वांत धोक्याची, म्हणून ती आधी सोडवा. बाहेर पडताना, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, गॅस देताच आतलं चाक फिरायला लागलं तर पुढचा रिबाउंड एक-दोन क्लिक वाढवून किंवा मागचं कॉम्प्रेशन थोडं वाढवून नाक उचलायचा वेग कमी करता येतो. रस्ता खडबडीत असेल तर उलट पुढचा रिबाउंड सैल करूनच फायदा होतो, कारण तिथे चाक रस्त्याला टेकलेलं राहणं जास्त मोलाचं. दोन्ही करून पाहा, एकावेळी एक.

आपल्या रस्त्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: ट्रॅकच्या सेटिंगपेक्षा रिबाउंड तीन-चार क्लिक सैल ठेवा. मऊ गाडी कमी स्पोर्टी वाटते, पण तुटक्या घाटात तिचे टायर जास्त वेळ रस्त्यावर असतात, आणि ब्रेक लागतो तो टेकलेल्या टायरलाच. सांगलीत चैत्र-वैशाखात पारा चाळिशी गाठतो. तेल पातळ होतं, तेव्हा हिवाळ्यातल्या सेटिंगहून एक-दोन क्लिक आवळा. इन्फ्रारेड गनने शॉकअपचं तापमान पाहत चला. डाव्या-उजव्यात एकाच फेरीनंतर १० अंशांहून जास्त फरक दिसला तर त्यातला एक काम करत नाही, किंवा तो सायलेन्सरजवळ आहे.

कायद्याचंही पाहून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. उंची बदलणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचे एकत्र जोड) घालण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली पाहतोच.

दसऱ्याच्या आसपास, पाऊस उघडल्यावर, चारही नॉब एकदा तपासायचे. चिखल पाण्याने धुऊन, नरम ब्रशने साफ करून, नॉब पूर्ण बंद करा आणि पूर्ण उघडेपर्यंत क्लिक मोजा. जूनमध्ये २० होते आणि आता १७ भरत असतील तर आत माती किंवा गंज बसला आहे. पक्कड लावू नका. पेनिट्रेटिंग तेलाचे दोन थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी बोटांनी पुढे-मागे करत पुन्हा मोजा. २० भरले तर वहीतल्या सेटिंगवर आणा. भरले नाहीत तर तो शॉकअप उघडायलाच द्यावा लागेल, आणि जोडीदारही सोबत द्या, म्हणजे दोघांत तेल एकाच दिवशी, एकाच डब्यातलं पडेल.